डावं मडगार्ड

चढावर गाडी पहिल्यांदा खोकली तेव्हा मला वाटलं, मुंगीच खोकली. मी आरशात बघितलं. मुंगी, माझी तान्ही लेक, मागे माझ्या आईच्या मांडीवर होती. तिचा खोकला केव्हाच थांबला होता. आता नुसती छाती आत ओढली जात होती, आणि प्रत्येक श्वासाला एक बारीक शिट्टी. गाडीने आणखी एक गचका दिला आणि बंद पडली. मी हँडब्रेक ओढला, चावी फिरवली. स्टार्टर फिरत राहिला, पण पेटायचं नाव नाही.

"काय झालं?" आईने विचारलं.

"पॉइंट मिटले असणार."

"मग उघड की! पोरीचे ओठ बघ कसे झालेत."

मी उतरले, बॉनेट उघडलं. घाईत आतल्या झाकणाची क्लिप सुटेना. तेवढ्यात खालून बेकरीचा टेम्पो आला. ड्रायव्हरने आमच्याकडे एकदा बघितलं आणि न विचारताच दार उघडलं. पावांच्या क्रेटमध्ये बसून आम्ही दवाखान्यात गेलो. म्हातारी गाडी मागे चढावरच राहिली, बॉनेट वासून.

वाफेचा मास्क लावल्यावर मुंगी हळूहळू गुलाबी झाली आणि लगेच मास्क ओढायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या श्वासाच्या नळ्या अजून लहान आहेत. थोडी मोठी होईपर्यंत हे होत राहणार. शिट्टी ऐकू आली की घरातून निघायचं. वाट बघायची नाही. आज उशीर केलात."

"गाडी बंद पडली."

"मग गाडी नीट करा," त्या म्हणाल्या. पायमोजे बदला म्हणावं तशा.

आमचं घर चढाच्या पायथ्याशी, रस्ता जिथे संपतो तिथे. भाड्याची गाडी चढ ओलांडून इथे यायला तयार नसते. मुंगीचा बाबा बोटीवर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. घरात आम्ही तिघी आणि म्हातारी. म्हातारी म्हणजे गाडी, माझ्याहून वयाने मोठी. आई तिला सवत म्हणायची. "सवत असावी तर अशी," शेजारणींना सांगायची, "रविवारी नवरा सकाळपासून तिच्याकडे, आणि मला घरात निवांतपणा."

नवरा म्हणजे माझे बाबा. कारखान्यात लेथवर टर्नर होते. मुंगी माझ्या पोटात असताना गेले.

पॉइंट म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. जुन्या गाडीत इंजिनाला ठिणगी वाटून देणारी एक डबी असते. तिच्यात धातूचे दोन ठिपके, मिटलेल्या ओठांसारखे एकमेकांना टेकलेले. मधला दांडा फिरला की त्याचा उंचवटा ओठांना उघडतो आणि ठिणगी पडते. पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात, गाडी चालू असेपर्यंत ही बडबड चालू. घासून घासून उघडायची फट कमी होत जाते, आणि एक दिवस गाडी चढावर बसकण मारते. म्हणून ती फट मधूनमधून लावून घ्यावी लागते. त्यासाठी दांड्याचा उंचवटा अगदी माथ्यावर आणून इंजिन थांबवायचं, ओठ पुरते उघडलेले असताना, आणि मग फटीत मापाची पातळ पट्टी सरकवून बघायची. हे काम दोघांचं आहे. एकाने गाडीच्या नाकासमोर उकिडवं बसून लोखंडी हँडलने इंजिन हळूहळू फिरवायचं. दुसऱ्याने डबीत वाकून बघायचं आणि थांब म्हणायचं.

हँडलवर मी असायची. परकर गुडघ्यात खोचून, जीभ बाहेर काढून. पण बाबा थांब म्हणत नसत. काम करताना त्यांच्या तोंडात कायम स्क्रू असायचे. आई म्हणायची, "लग्न झाल्यावर आठवडाभर मला वाटलं, स्थळ दाखवणाऱ्याने फसवलं, माणूस मुका आहे." तर बाबा बोलायच्या ऐवजी मडगार्डवर अंगठी आपटायचे. अंगठीही त्यांनीच केलेली, जुन्या बेअरिंगच्या कड्यातून लेथवर कातलेली, जाडजूड. ते नेहमी डाव्या बाजूला उभे राहायचे, त्यामुळे डाव्या मडगार्डवर एका जागी रंग उडून नाण्याएवढा खळगा झाला होता. एकदा टक् म्हणजे थांब, मी बघतो. दोनदा टक् टक् म्हणजे झालं, पुढे चल. माझं आणि त्यांचं निम्मं बोलणं या दोन शब्दांत झालं असेल.

ते गेले तेव्हा बोट सुजलेलं होतं. अंगठी निघेना. नर्स म्हणाली, कापून काढते. आई म्हणाली, "राहू द्या. रिकाम्या हाताने कुठे पाठवू त्यांना?" अंगठी त्यांच्याबरोबर गेली.

मुंगी झाल्यावर पहिल्यांदा मी एकटीने पॉइंट लावायला घेतले ती दुपार होती. मुंगी नुकतीच झोपली होती. टोपली मी गॅरेजच्या दारात ठेवली होती. गॅरेज म्हणजे घराला चिकटलेली पत्र्याची खोली. आत पेट्रोलचा आणि जुन्या रबराचा वास, खिळ्याला बाबांचा निळा डगला, कोपराशी अजून वाकलेला. मी हँडल थोडं फिरवायची, उठून डबीत बघायची, माथा पुढे गेलेला असायचा. पुन्हा उकिडवी बसायची, पुन्हा फिरवायची, पुन्हा पुढे. कंबर बाळंतपणातली, ठणकायला लागली. मी म्हातारीला एक शिवी हासडली आणि हँडल फिरवलं.

टक्.

हात आपोआप थांबला. लहानपणापासूनचा हात, त्याला विचार करायची सवयच नाही. मी उठून बघितलं. उंचवटा बरोबर माथ्यावर होता.

पत्रा निवतो तेव्हा वाजतो, हे मला माहीत आहे. सकाळी गाडी बाहेर नेली होती, इंजिन कोमट होतं, मडगार्ड वाजलं असेल. मी मनाशी तसंच म्हटलं. फट लावली, हात पुसले. वळून बघितलं तर मुंगी टोपलीत जागी होती. रडत नव्हती. डाव्या मडगार्डाच्या वर, माणसाचं तोंड असतं त्या उंचीवर, बघत होती, आणि हसत होती.

पुढे प्रत्येक वेळी असंच झालं. मी गाडी तापवूनच काम करायला लागले. म्हणजे निवणाऱ्या पत्र्याची सबब हाताशी राहील. आणि कोणाला बोलले नाही. काही गोष्टी बोलल्या की विरतात, गरम दुधावरच्या सायीला बोट लावल्यासारख्या.

चढावरच्या त्या दिवसानंतर म्हातारी उतारावरून घरंगळत घरी आणली आणि मी सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार बाबांचे मित्र. त्यांचा चष्मा कायम कपाळावर आणि शोध कायम टेबलावर, म्हणून त्यांना सगळे चष्मेकाका म्हणतात. मी गाडी चढावर बंद पडल्याचं सांगितलं.

"अगं पोरी, पॉइंट काढूनच टाक," ते म्हणाले. "हे बघ." त्यांनी काडेपेटीएवढी काळी वस्तू काढली, दोन वायरी असलेली, आणि एक छोटं कडं. "पॉइंटच्या जागी हे. दांड्यावर हे लोहचुंबकाचं कडं. एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे घासणं नाही, फट नाही, वर्षानुवर्षं बघायला नको. सगळे जुन्या गाडीवाले हेच बसवतात. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. तुला काय सांगायचं, तू त्याची पोरगी."

"फट लावायचीच नाही?"

"लावायला फट हवी ना!" ते हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. "का गं?"

"काही नाही."

घरी आले. आई ओट्याशी वाटाणे सोलत होती. मी डबी पुढे ठेवली आणि म्हटलं, हे म्हातारीत बसवणार, आता हँडल मारायला नको.

आईने एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले, आणि साल बघत राहिली.

"नको बसवू."

"आई, त्या दिवशी बघितलंस ना मुंगीला?"

"बघितलं. माझ्याच मांडीवर होती." मग खालच्या आवाजात, "मग ते काय करतील?"

"कोण?"

"हात्तिच्या! तुला वाटतं तुला एकटीलाच ऐकू येतं? तू हँडल मारतेस तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी काय भांडी घासत असते? एवढी भांडी आहेत का आपल्याकडे?"

मी खुर्चीवर बसले. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की रडू येईल असं झालं.

"मी खरं सांगू?" आई म्हणाली. "पॉइंट बिघडले की मला आनंद होतो. मेलीचे पॉइंट आणखी लवकर का बिघडत नाहीत, असं वाटतं. एवढंच एक काम उरलंय त्यांना ह्या घरात. ते पण तू काढून घेणार."

आतल्या खोलीत मुंगी झोपेत सुस्कारली, आणि आम्ही दोघींनी एकदम माना वळवल्या, शिट्टी आहे का ऐकायला. नव्हती. पण दोघींनी श्वास धरला होता, आणि तो सोडताना आईने माझ्याकडे बघितलं नाही.

"तुला करायचं ते कर," ती म्हणाली. "पण मला मदतीला बोलावू नकोस."

दोन दिवस पाऊल उचलेना. मग मी कामाला लागले. गाडी बाहेर काढलेलीच नव्हती, इंजिन दगडासारखं गार. फट लावायची नव्हती तर तापवू कशाला? मुंगीला दूध पाजून टोपलीत घातलं, टोपली नेहमीच्या जागी. झाकण काढलं. पॉइंटचे स्क्रू सोडवले, बाहेर काढले, तळहातावर ठेवले. केवढेसे ते. एका ओठाला खड्डा, दुसऱ्याला तेवढाच उंचवटा, एकाची झीज दुसऱ्याच्या अंगावर चढलेली. बाबांच्या बाकावरच्या बशीत ठेवून दिले. काळी डबी त्यांच्या जागी बसली. कडं दांड्यावर गेलं. वायरी ओढून कॉइलपाशी, ठिणगीची वीज तयार होते त्या नळकांड्यापाशी, आणल्या.

कॉइलच्या एका टोकाला येणाऱ्या वायरीवर बाबांनी लाल पट्टी गुंडाळलेली. बाबांचा नियमच होता: लाल म्हणजे जिवंत. जिथून करंट येतो ती वायर लाल, मग ती कुठलीही असो. मी बोलायला लागले तेव्हापासून मला एवढं पाठ: लाल जिवंत, काळी बॉडीला. मी लाल वायर लालला जोडली, काळी दुसऱ्या टोकाला. आत बसले. चावी घातली. बोटांनी चावी फिरवायला घेतली.

टक्.

गार गाडी. दोन दिवस एका जागी उभी. पत्रा निवायला काही गरमच नव्हतं.

मी काचेतून बघितलं. गॅरेजच्या दारातून ऊन आत आलं होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि डाव्या मडगार्डापाशी ती तरंगत नव्हती. तिथे ती स्थिर होती, कोणीतरी श्वास धरून उभं राहावं तशी. मुंगीने टोपलीतून दोन्ही हात तिकडे केले.

मी चावी काढली, मुंगीला उचललं आणि घरात पळाले.

आई दारातच उभी होती. तिनेही ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर असं काही, जे मी तिच्या लग्नातल्या फोटोतच बघितलं होतं.

"बघ," ती म्हणाली. "नको म्हणतायत ते."

मी मुंगीला छातीशी घट्ट धरून उभी. मला राग आला. बाबांवर कधी येत नसे, तो आला. "नको म्हणतायत? मग त्या दिवशी चढावर कुठे होते? त्यांच्या त्या दोन ओठांपायी माझी पोर..." मी मुंगीच्या पाठीला कान लावला. "त्यांना इथे राहायचंय म्हणून मी पोरीला पावांच्या क्रेटमध्ये घालून न्यायची का दर वेळी? आणि टेम्पो नाही आला तर?"

"माझ्यावर ओरडू नकोस."

"मग कोणावर ओरडू? ते तर टक् करून गप्प बसतात!"

आईने पदराने डोळे पुसले. खिडकीतून गॅरेजकडे बघत बसली. मी मुंगीला थोपटत येरझाऱ्या घातल्या. शेवटी आई उठली, आणि तिचा चेहरा एकदम थकलेला दिसला, मगासचं ते फोटोतलं सगळं पुसून गेलेलं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "खरं तर सांगायचं नव्हतं. ह्यांना एखादी गोष्ट नको असली ना, तर ते टक् करून गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. तू एकदा रेडिएटरमध्ये साबणाचं पाणी घातलंस, आठवतंय? काय केलं?"

"स्क्रू थुंकले. सगळ्या गॅरेजभर."

"आणि?"

"आणि वेशीपर्यंत ऐकू जाईल असे ओरडले."

"मग? नको असतं तर ओरडले नसते? एकदा टक् म्हणजे काय गं तुमच्यात?"

"थांब," मी म्हटलं. "मी बघतो."

"नको नाही ना?"

"नाही."

"मग जा आणि बघ, काय बघायचंय ते," आई म्हणाली. मुंगीला तिने माझ्याकडून घेतलं. "आणि ते यंत्र बसवायचंच असेल तर बसव. जायचे असतील ते, तर जाऊ देत. मी एकदा पाठवलंय त्यांना. दुसऱ्यांदा पाठवीन."

मी गॅरेजमध्ये गेले. आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते तिथे, डाव्या मडगार्डापाशी, त्यांच्या जागी उभी राहिले. तिथे हवा गार होती. मडगार्डाच्या खळग्यावर डावा हात आपोआप पडला. तिथून वाकलं की समोर डबी दिसत होती, आणि पोटाशी, अगदी पोटाशी, बॅटरी. बॅटरीवर बाबांनी पत्र्याचं झाकण केलेलं, नीट दुमडलेल्या कडांचं. ती बदलायला बॅटरीवाला यायचा. मी कधी झाकण उघडलं नव्हतं. आता उघडलं.

जाड लाल पट्टीची केबल बॅटरीच्या ज्या खुंटीला होती, त्या खुंटीपाशी प्लॅस्टिकमध्ये आडवी रेघ कोरलेली होती. मायनस. आणि प्लसवरून निघालेली तारांची उघडी वेणी सरळ गाडीच्या बॉडीला, बोल्टने आवळलेली.

म्हातारीची वीज उलटी होती. जन्मापासून. तिच्या वयाच्या पुष्कळ गाड्या तशा असायच्या, लोकांनी पुढे सुलट्या करून घेतल्या. बाबांनी केली नाही. पॉइंटना काय, त्यांना उलटसुलट सारखंच, ते नुसते उघडतात आणि मिटतात. पण त्या काळ्या डबीला नाही. चावी पुरती फिरली असती तर ती जागच्या जागी जळाली असती. आणि मला कळलंच नसतं का. मी लालला लाल जोडली होती. बाबांच्या शाळेत शिकलेलं दुसरं कोणी नव्हतंच, आणि ही चूक करू शकणारं दुसरं कोणीही नव्हतं.

मी मडगार्डवर हात तसाच ठेवून म्हटलं, "बघितलं." काही वाजलं नाही.

चष्मेकाकांनी कपाळावर हात मारला. चष्मा खाली आला आणि त्यांना तो सापडला. "अजून उलटीच होती होय? त्याला मी किती वर्षं सांगत होतो, सुलटी कर बाबा. म्हणायचा, तिला तशीच सवय आहे." उलट्या बॅटरीसाठी वेगळं किट असतं. ते मागच्या फळीवरून धूळ झटकत काढून दिलं, आणि वायरी कशा जोडायच्या ते हातावर गिरवून घेतल्यासारखं दोनदा म्हणायला लावलं.

या वेळी आई आली. खुर्ची घेऊन, मुंगीला मांडीवर घेऊन, गॅरेजच्या दारात. मी पत्र्याचं झाकण उघडं ठेवूनच काम केलं. लाल पट्टी काढून काळी लावावी का, असं विचारलं, पुढे कोणाची फसगत नको. आई म्हणाली, "राहू दे. घरात माहीत आहे ना आता."

सगळं बसलं. मी आत बसले, चावीला हात लावला आणि थांबले. आईनेही मान कलती केली. आम्ही टक् ची वाट बघितली. आलं नाही.

मी चावी फिरवली. स्टार्टरने धड आवाजही केला नाही आणि म्हातारी पेटली. कधी अशी पेटली नव्हती. पूर्वी ती आधी कुरकुरायची, मग एक ठोका चुकवायची, मग नाइलाजाने सुरू व्हायची. आता सपाट, एकसारखा, गुळगुळीत आवाज, जणू कोणी दुसऱ्याच बाईला तिची साडी नेसवून बसवलंय.

"ही कोण?" आई म्हणाली.

मी इंजिन बंद केलं. शांतता झाली. हे काम झालं, तर रीतीप्रमाणे आता दोनदा वाजायला हवं होतं. झालं, पुढे चल. पत्रा निवायला लागला. एक आवाज आला, मग दुसरा, मग पाच-सहा, इकडून तिकडून, बॉनेटखालून, धुराड्याकडून. आई प्रत्येकाला मान हलवत होती. "हे नाही. हेही नाही. हा नुसता पत्रा."

मुंगी मडगार्डाकडे बघत नव्हती. स्वतःची मूठ तोंडात घालायच्या उद्योगात होती.

आई उठली, मुंगीला माझ्याकडे दिलं, निळा डगला खिळ्यावरून काढला, झटकला, आणि घरात घेऊन गेली. त्या आठवड्यात तिने भांडी भराभर घासली. खिडकीशी उभी राहिली नाही.

मी गाडी रोज चालवून बघायची. चढ ती घोटभर पाणी प्यावं तशी चढायची. मला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटायचं. एकदा, काही कारण नसताना, मी हँडल लावून इंजिन हळूच फिरवलं. पूर्ण फेरी. मग आणखी एक. हात कुठेच थांबला नाही.

त्यानंतरच्या एका दुपारी मुंगी तिच्या लोखंडी पाळण्यात झोपली होती. तिला सकाळपासून थोडी सर्दी. आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी पाळण्याशेजारी सतरंजीवर आडवी झाले, डोळा लागू द्यायचा नाही असं ठरवून, आणि अर्थात लागला. आदल्या रात्री मुंगीने जागवलं होतं. झोप अशी की विहिरीत दगड.

टक्.

मी उठून बसले. हातांनी हँडल धरल्यासारख्या मुठी वळलेल्या होत्या. आवाज पाळण्याच्या डाव्या दांडीतून आला होता, आणि लोखंड अजून बारीक झणझणत होतं. मी बोट लावलं, तर ते बोटाला कळलं.

मग मी मुंगीकडे बघितलं. शिट्टी नव्हती. अजून नव्हती. पण बरगड्यांच्या खाली, प्रत्येक श्वासाला, एक छोटा खळगा पडत होता, नाण्याएवढा, आणि भरून येत होता, आणि पुन्हा पडत होता. तिचे डोळे उघडे होते. ती रडत नव्हती. दांडीच्या वर, माणसाचं तोंड असतं त्या उंचीवर, बघत होती.

"आई!"

आई ओल्या हातांनीच धावत आली. म्हातारी पहिल्या चावीला पेटली. चढ, वळण, उतार, बेकरी, दवाखाना. वाटेत शिट्टी सुरू झाली, पण तोवर आम्ही दारात होतो. डॉक्टरीणबाईंनी मास्क लावला, छातीला नळी लावून ऐकलं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. "आज वेळेवर आणलंत. कसं ओळखलंत? आवाज तर आत्ता सुरू झालाय."

"जाग आली," मी म्हटलं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ऊन अजून थोडं होतं. मुंगी दमून माझ्या खांद्यावर झोपलेली, तोंड उघडं, श्वास मऊ. गाडी गॅरेजमध्ये लावली आणि आम्ही दोघी आतच बसून राहिलो. पत्रा वाजायला लागला. आईने मान हलवली नाही. तिने ते मोजायचं सोडून दिलं होतं.

मग मी तिला सांगितलं. पाळण्याची डावी दांडी. मुठी. बोटाला कळलेलं लोखंड. बरगडीखालचा खळगा, शिट्टीच्या आधीचा.

आईने हात पुढे करून मुंगीच्या पाठीवर ठेवला, श्वासाबरोबर हात वर-खाली होऊ दिला. तिचं तोंड हसण्याच्या आणि रडण्याच्या मधे कुठेतरी अडकलं होतं.

"मग?" ती शेवटी म्हणाली. "तुला काय वाटलं, सवतीचं काम संपलं म्हणून ते रिकामे बसतील?"

घरात आल्यावर तिने निळा डगला कपाटातून काढला आणि पाळण्याच्या डाव्या बाजूला, खिळ्याला, अडकवून ठेवला.